टेकाडांवरची भुई

सखाराम उमाठे माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. आधी पायांकडे बघत. आपण कशावर उभे आहोत, पायाखालचं हिरवं आहे की वाळलेलं, ते नुसतं दबतंय की मोडतंय, एवढं पाहून झालं की त्यांची नजर सावकाश वर यायची आणि ते म्हणायचे, "काय नक्शेबाबू, बरं आहे ना?" पहिल्या भेटीत मला वाटलं, माझी चप्पल तुटलीय. मी घाईघाईने खाली पाहिलं. त्यांनीही पुन्हा पाहिलं. आम्ही दोघं बराच वेळ माझ्या पायांकडे बघत उभे होतो.

ते आमच्या कारखान्यात बागेचे सुपरवायझर होते. पण बाग म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, त्यातलं त्यांच्याकडे काही नव्हतं. बंगल्यांमधले गुलाब आणि शेवंत्या दुसऱ्यांकडे होत्या. उमाठेजींकडे टेकाडं होती.

जबलपूरला तेव्हा मराठी माणूस एक तर रेल्वेत असायचा, नाहीतर कारखान्यात, नाहीतर कुठल्यातरी सरकारी कचेरीत. आमच्या घराण्यातलं कोणी तरी भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. मी तिथेच वाढलो आणि तिथेच नकाशे काढायच्या नोकरीला लागलो. कारखाना दारूगोळ्याचा. त्याचं नाव सांगत नाही. ते न सांगायची सवय तेव्हा लागली ती गेली नाही. तयार झालेला माल ठेवायला कुंपणाच्या आत, एका बाजूला, पक्क्या कोठ्या होत्या आणि प्रत्येक कोठीवर मातीचा लांबोळका ढीग. आत काही झालंच तर त्याचा जोर बाजूला न फुटता वर जावा, म्हणून ती माती. अशी चौदा टेकाडं, सात-सातच्या दोन रांगांत. पावसात माती धुपू नये म्हणून त्यांच्यावर गवत होतं.

श्रावणात ते गवत बघून कोणीही म्हणालं असतं, वा! पण जबलपूरचा मे महिना वेगळा असतो. लू सुटली की डोळ्यांतलं पाणी सुकतं, तिथे गवताची काय कथा. गुडघाभर उंच गवत काडीसारखं वाळायचं, आणि दिवसभर वाऱ्यावर त्याचा एक बारीक, कोरडा आवाज चालायचा. कारखान्याच्या फाटकावर आमची रोज झडती व्हायची. काडेपेटी, विडी, खिळ्यांचे जोडे, सगळं बाहेर काढून ठेवायचं. एखाद्याच्या खिशात चुकून एक काडी सापडली तर चौकशी बसायची. आणि एवढं सोवळं करून आत सोडलं की समोर चौदा कोठ्यांच्या डोक्यावर गाडीभर सरपण रचून ठेवलेलं! यातला विनोद आम्हा कोणाच्याच लक्षात येत नव्हता. उमाठेजींच्या लक्षात आला होता, आणि त्यांना हसू येत नव्हतं.

सगळे त्यांना 'घासवाले बाबू' म्हणायचे. यासारखा अन्याय नाही, कारण गवताचा एवढा वैरी मी दुसरा पाहिला नाही.

"घास ही जात बेइमान," ते म्हणायचे. "चार महिने साहेबाले सलाम करते, अन् आठ महिने आगीची वाट पाहते."

त्यांचे तळहात बघितले की या वैराचं कारण कळायचं. हातावरच्या रेषा गेल्या होत्या. कातडी गुळगुळीत, चकचकीत, ताणून बसवल्यासारखी. बासष्टच्या लढाईनंतरचा उन्हाळा. कारखान्यात तिन्ही पाळ्या जोरात चालू होत्या आणि भर दुपारी नऊ नंबरच्या टेकाडावरचं गवत पेटलं. कशाने पेटलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. उमाठेजी तेव्हा माळ्यांचे जमादार होते, सगळ्यांत जवळ तेच होते. बंब येईपर्यंत त्यांनी हाताने माती उकरून, हातानेच आग दाबली. हे मला इतरांनी सांगितलं. त्यांनी स्वतः एकदाच विषय काढला, तोही वेगळ्याच गोष्टीसाठी.

"आग विझली ना नक्शेबाबू, तरी मी तिथंच पालथा पडून राहिलो. लोक बोलावून राहिले, 'उतरो उतरो'. पण जमीन गरम होती. ते ऊन वरच्या आगीचं आहे का खालून येऊन राहिलं, हे मले समजेना. ते समजल्याबिगर उतरायचं नाही, असं ठरवलं."

"मग?"

"मंग थंडी झाली हळूहळू." मी त्यांना तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही, पण मे महिन्यात टेकाडांच्या बाजूने जाताना माझी सायकल आपोआप जोरात चालायला लागली.

या नऊ नंबरच्या सगळ्यांत जवळ जी शेड होती तिथे बायका गोळ्यांत मसाला भरायचं काम करायच्या. त्यांत उमाठेजींची मुलगी कुसुम होती. आई गेल्यावर शिक्षण सुटलं, घरात एक पगार पुरेना, म्हणून ती लागली. बापाने तिला अडवलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी गवताला पर्याय शोधायला घेतला आणि मग दुसरं काही केलंच नाही.

घमापुरात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, मागे अंगण. त्या अंगणात दारूगोळ्याच्या रिकाम्या, मोडक्या पेट्या मांडलेल्या असत. प्रत्येक पेटीत जमिनीलगत पसरणारं एकेक झाड. नियम असा, की पहिला महिना पाणी द्यायचं, नंतर थेंब नाही. "ज्याले रोज पाणी पायजे ते झाड नाही, पाव्हणा आहे," हे त्यांचं आवडतं वाक्य. उन्हाळाभर पेट्या पत्र्यावर भाजत ठेवायच्या आणि मेच्या शेवटी, रविवारी सकाळी, एकेका पेटीपुढे उकिडवं बसून काडी ओढायची आणि पानांना लावायची. धरलं की नापास. हरळी नापास झाली, वरून हिरवी असली तरी तिच्या खालचा वाळका थर भुर्रकन पेटायचा. सकाळी नवाला फुलणारी नौबजिया पेटली नाही, पण पहिल्या पावसात सडली. गोखरू सगळ्या परीक्षांत उतरला, पण टेकाडांवर अनवाणी काम करणाऱ्या बायका उमाठेजींना म्हणाल्या, की हे लावाल तर आधी तुम्हीच यावर चालून दाखवा. त्यांनी चालून दाखवलं, आणि तो नापास केला.

ज्या माणसाने जन्मात विडी ओढली नाही त्याच्या घरी डझनाने काडेपेट्या, आणि दर उन्हाळ्यात हा अंगणात बसून झाडांना चूड लावतो! घमापुरात बोभाटा झाला, की बाबू काही तरी टोटका, जादूटोणा, करतात. शेजारच्या बाईने आपल्या तुळशीभोवती विटांचं कुंपण घातलं. आमच्या मदन महलच्या घरी ते एकदा चहाला आले आणि बोलता बोलता सिंधूच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, व्हरांड्यातल्या वेलीचं पान नखाने चिमटून बघायला लागले. मग खिशातून काडेपेटी निघाली.

"उमाठेजी!" सिंधू आतून ओरडली. "तिला हात लावाल तर चहा मिळणार नाही."

"नाही ना बाई, एकच पान. मरत नाही ती."

"ती नाही मरत. मी मरते ना इथे!"

त्यांनी काडेपेटी मुकाट्याने खिशात घातली, पण जाताना वेलीकडे अशी नजर टाकली, की सिंधूने ती रातोरात आत हलवली.

शेवटी झाड सापडलं ते एका आटलेल्या तळ्यात. पाणी गेलेलं, चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, म्हशीसुद्धा तिकडे फिरकत नाहीत, आणि त्या भेगांवरून एक बारीक पानांची वेल सतरंजीसारखी पसरलेली. पुस्तकात तिला जलपिंपळी म्हणतात. बोटाच्या पेराएवढी, जाडसर पानं, जांभळट पांढरी इवली फुलं, आणि जिथे जिथे गाठ जमिनीला टेकेल तिथे तिथे मूळ. उमाठेजी तिला नाव घेऊन हाक मारायचे नाहीत. नुसतं 'भुई' म्हणायचे. भुईने पेटीतले दोन उन्हाळे काढले. काडी लावली की पान चुरर करायचं, काळं पडायचं, आणि आग तिथेच संपायची.

मग अर्ज सुरू झाले. ते मराठीत सांगायचे, मी हिंदीत लिहायचो, दुसरा कोणी तरी इंग्रजीत करायचा आणि साहेब कशातच वाचायचे नाहीत. तीन वर्षं हे चाललं. शेवटी मंजुरी मिळाली ती आगीच्या भीतीने नव्हे. कोणाच्या तरी लक्षात आलं, की ही वेल कापावी लागत नाही आणि तिला पाणीही लागत नाही, म्हणजे गवत कापणारी टोळी आणि पाण्याची गाडी दोन्ही कमी करता येतील. त्या दिवशी उमाठेजींनी मला कँटीनमध्ये जिलेबी खाऊ घातली. टोळी कमी होणार याचा आनंद त्यांना नव्हता, पण भुई लागणार होती. आम्ही दोघांनीही त्या टोळीचा पुढे काही विचार केला नाही.

लावणी दोन पावसाळे चालली. माळीण बायका दोर धरून उतारावर बसायच्या, हातभर अंतरावर कांडी टोचायच्या, खालून वर. फुलं आल्यावर मधमाश्या आल्या, मधमाश्यांनी बायकांना चावे घेतले, बायकांनी उमाठेजींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यानंतरच्या मे महिन्यात मात्र चमत्कार बघण्यासारखा होता. सगळीकडे फुफाटा, आणि चौदाच्या चौदा टेकाडं घोट्याइतक्या उंचीची, थंडगार हिरवी. कोणी पाणी घालत नव्हतं, कोणी कापत नव्हतं. बाहेरून साहेब लोक बघायला आले आणि म्हणाले, "व्हेरी गुड." दुपारी उन्हात उमाठेजी नऊ नंबरवर अनवाणी चढायचे आणि नुसते उभे राहायचे. त्या उन्हाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं, अगदी बेसूर.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली.

खिडक्यांच्या काचांना आम्ही काळा कागद चिकटवला. कॉलनीत खंदक खणले, आणि पहिल्याच दिवशी त्यात एक गाय पडली. कारखाना पुन्हा तिन्ही पाळ्या धडधडायला लागला. दारूगोळ्याचं गाव म्हणजे शत्रूच्या यादीत नाव असणारच, हे पोरासोरांनाही माहीत होतं. विमानाचा आवाज आला की बायका हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर यायच्या आणि आपलंच आहे म्हटल्यावर परत आत जायच्या.

माझ्याकडे नकाशांचं काम वाढलं होतं. टेकाडांचा नकाशा ज्या कागदावर होता त्याच्या मोजक्याच प्रती. प्रत्येकीवर नंबर, प्रत्येक कुलपात, घेताना सही, ठेवताना सही. लढाईच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला सांगण्यात आलं, की मागच्या डोंगरावर पहाऱ्याची जागा ठरवायची आहे, जाऊन मोजमाप घ्या. झाडोरा कापावा लागेल म्हणून उमाठेजी बरोबर. सकाळचं कोवळं ऊन होतं. काळ्या दगडांतून आम्ही वर चढलो, मी टेप काढली, आणि सहज खाली पाहिलं.

कुंपणाच्या आतला सगळा माळ वाळलेल्या गवताने पिवळट झाला होता. शेडची छपरं मातकट रंगवलेली, रस्त्यांवर माती टाकलेली. आणि त्या पिवळ्या माळावर, दोन सरळ रांगांत, सात आणि सात, हिरवीगार टेकाडं.

मला हसू आलं. आजही मला त्याची लाज वाटते, पण आधी हसूच आलं. "उमाठेजी, बघा तर! कोणी सांडगे वाळत घातल्यासारखे दिसतात!"

ते हसले नाहीत. ते तिथेच दगडावर बसले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विमानातून बघणाऱ्याला नकाशाची गरजच नव्हती.

"तुम्ही जे कुलपात ठेवता," ते म्हणाले, "ते मी हिरव्या रंगानं काढून ठेवलं ना भाऊ, आभाळाकडं तोंड करून."

"अहो, पलीकडे गहू आहे ना शेतांत. तोही हिरवाच आहे. वरून काय कळतं."

"गहू चौकोनी राहते. असा ढिगावर गहू कोण पेरते?"

मी त्यांना म्हणालो, की कोणाला बोलू नका. लढाई काय पंधरा दिवसांत संपेल, इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही, आता कशाला स्वतःहून सांगता. मी त्यांच्या भल्याचंच बोलत होतो, आणि माझ्याही. ते उठले, धोतर झटकलं आणि उतरायला लागले. वाटेत एकदाच थांबले. "कुसुमची दुपारची पाळी आहे," म्हणाले.

खाली आल्यावर ते थेट सुरक्षेच्या साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेब खिडकीपाशी गेले, तिथून काही दिसत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिले.

"उमाठेजी," ते म्हणाले, "ये तो आपने दुश्मन के लिए दिया जला रखा है। उखाड़िए। आज ही।"

"साहब, उखाड़ेंगे तो नई मिट्टी दिखेगी। लाल। वो तो और दूर से दिखेगी।" उमाठेजींचं हिंदी चांगलं होतं, पण त्या दिवशी ते अडखळले. "मुझे शाम तक का टाइम दीजिए।"

संध्याकाळपर्यंत त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. माळावरची माती, शेण आणि पाणी कालवून सारवणाचा काला केला, आणि माळीण बायका, आम्ही कचेरीतले बाबू, पाळी लागायच्या आधी कुसुम आणि तिच्या मैत्रिणी, अशा सगळ्यांनी बादल्या वाहून तो टेकाडांवर शिंपला. घरचं अंगण सारवायची सवय होती म्हणून बायकांचा हात झरझर चालत होता. आमचा सडा आमच्याच अंगावर पडत होता. उमाठेजी सगळ्यांच्या पुढे. ज्या वेलीला पाणी घालू नका म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले होते, तिला हाताने चिखल फासत होते आणि दर थोड्या वेळाने पुटपुटत होते, "झालं, झालं, थोडे दिवस."

शेवटी मला डोंगरावर पाठवलं. मी वरून बघून खाली रुमाल हलवायचा. ऊन कलायच्या आत चौदाही टेकाडं माळात मिसळून गेली. मी रुमाल हलवला, आणि खाली बायकांनी ओरडून टाळ्या पिटल्या.

दवाने काला ओघळायचा, की सकाळी पुन्हा बादल्या. असं लढाई संपेपर्यंत रोज. शत्रूचं एकही विमान आलं नाही. लढाई जिंकल्याची बातमी आली त्या दिवशी फाटकावर पेढे वाटले, झडतीवाल्यांनीही खाल्ले. उमाठेजी पेढा हातात धरून टेकाडाकडे गेले आणि चिखलाच्या पापुद्र्याखालचं एक पान नखाने चिमटून बघत बसले. ते जिवंत होतं. जानेवारीत मावठ्याचा पाऊस झाला, चिखल धुऊन गेला, आणि भुई पुन्हा वर आली. आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं.

फायली मात्र लढाईपेक्षा सावकाश चालतात आणि जास्त लांब जातात. उमाठेजींनी स्वतः जाऊन जे सांगितलं होतं त्याचा कागद झाला होता. तो वर गेला, आणखी वर गेला, आणि फेब्रुवारीत हुकूम होऊन खाली आला: टेकाडांवरची वेल समूळ काढावी, पावसाळ्यात आजूबाजूच्या रंगाशी जुळणारं स्थानिक गवत लावावं. हुकुमात चूक काढायला जागा नव्हती. डिसेंबरात आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंच होतं.

उमाठेजी साहेबांपुढे उभे राहिले. मी कागद घेऊन बाजूला होतो. "साहब, लड़ाई कभी-कभी आती है," ते म्हणाले. "मई हर साल आता है।"

साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मैं समझता हूँ। लेकिन ऊपर का ऑर्डर है।"

"घास काटने की टोली भी अब नहीं है।"

"उसके लिए लिखेंगे।"

त्या कामाचा नकाशा मला काढायचा होता. कोणती टेकाडं, किती क्षेत्र, कोणतं गवत. एका रविवारी दुपारी उमाठेजी आमच्याकडे आले. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले.

"नक्शेबाबू, एक सोडा."

"काय सोडू?"

"नऊ नंबर. तुमच्या नक्शात तेराच दाखवा. बायका नक्शा पाहून काम करतात, जे कागदावर नाही त्याले कोणी हात लावत नाही. एक हिरवं राहिलं तर रांग दिसत नाही वरून. एकटं टेकाड तर कुठंही राहते."

त्यांचं म्हणणं खरं होतं. एका टेकाडाने काही कळलं नसतं, आणि निदान त्या शेडच्या बाजूचं तरी पेटलं नसतं. पण प्रतींवर नंबर होते आणि खाली माझी सही. माझी नोकरी पक्की होऊन दोनच वर्षं झाली होती. मी त्यांना म्हणालो, "कसं करू उमाठेजी? सरकारी कागद आहे."

"होय ना," ते म्हणाले. "कागद आहे खरा." आणि उठून गेले. उंबऱ्यापाशी सिंधू उभी होती.

सिंधूने सगळं ऐकलं होतं. "एक टेकाड राहिलं असतं तर तुमच्या नकाशाचं काय बिघडलं असतं?" तिने विचारलं. मी तिला नियम समजावून सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि हे सगळ्यांत वाईट होतं. मी भेकड होतो. त्याला दुसरा शब्द नाही, आणि इतक्या वर्षांत मी तो शोधला नाही असं नाही.

पावसाळ्यात भुई निघाली. ज्या बायकांनी लावली होती त्यांनीच उपटली. गाठीगाठीला मूळ धरलेलं, सहज सुटत नव्हती, खुरप्याने कापावी लागली. उमाठेजी शेवटचं वर्ष नोकरीत होते, हजेरी घेत होते. नऊ नंबरची पाळी आली तेव्हा बायकांनी आपण होऊन त्यांना सांगितलं, "बाबूजी, आप घर जाओ." ते गेले नाहीत. संध्याकाळी ढिगातल्या चार कांड्या त्यांनी पिशवीत टाकल्या असतील, तर मी पाहिलं नाही. वर लावलेलं गवत छान आलं. साहेबांनी टोळीसाठी दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. बोला म्हटल्यावर ते म्हणाले, "मले काही बोलायचं नाही. एप्रिल लागून राहिला." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलंय.

मे महिन्यात माझी बदली झाली. ऑर्डर हातात पडली त्या दुपारी मी कारखान्याच्या मागच्या रस्त्याने निघालो. कुंपणाच्या तारांपलीकडे, थोड्या अंतरावर, नऊ नंबर दिसत होतं. गवत कमरेइतकं झालं होतं, पिवळंधमक. आणि कुंपणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, ऊन डोक्यावर घेऊन उमाठेजी उभे होते. डोक्याला ओला पंचा, सायकल बाजूला आडवी. पहारेकऱ्याने मला सांगितलं, हे रोज असतात. आधी त्याने हाकललं, मग तक्रार केली, मग सोडून दिलं. म्हातारा काही करत नाही, नुसता उभा राहतो. दुपारची पाळी लागली की येतो, सुटली की जातो.

मी जवळ गेलो. त्या नकाशानंतर आम्ही नीट बोललो नव्हतो. "उमाठेजी, बदली झाली माझी. उद्या निघतोय."

"अच्छा," ते म्हणाले. नजर गवतावरच होती. "बरं झालं. बाईलेही नेता ना संगं?"

"हो, सगळेच."

"न्या. लवकर न्या."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "असं उन्हात उभं राहून काय होणार आहे? तुम्हाला आत तर जाता येत नाही."

"वारा पाहून राहिलो," ते म्हणाले. "तिकडून आला तर शेडकडं जात नाही. इकडून आला तर जाते." वारा त्या वेळी त्यांच्या पाठीकडून येत होता, त्यांचा सदरा पुढे फडफडत होता, आणि टेकाडावरचं सगळं गवत शेडच्या बाजूला लवलं होतं.

मी गेलो नाही. आम्ही दोघं तिथे किती तरी वेळ उभे होतो. मग भोंगा झाला. बायका बाहेर यायला लागल्या, एकमेकींना हाका मारत, पदराने तोंड पुसत. शेवटच्या चार-पाच जणींत कुसुम होती. वडिलांना पाहून ती वैतागली.

"बाबा, काहून येता रोज? लोक हसून राहिले ना मला."

"हसू दे. डबा खाल्ला?"

"खाल्ला."

त्यांनी सायकल उचलली, तिचा डबा हँडलला अडकवला. मी तिथे आहे हे ते विसरले होते, किंवा त्यांना आठवून काही मिळणार नव्हतं. दोघं घमापूरच्या दिशेने चालायला लागली. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी तिला विचारलेलं मला ऐकू आलं, "उद्या कोणती पाळी?"

"दुपारचीच," ती म्हणाली. "महिनाभर दुपारचीच आहे."

त्यांनी मान हलवली. मे महिन्याचे अजून एकोणीस दिवस बाकी होते.